लग्नाला चार दिवस असताना झालेली सही: थॉर्न विरुद्ध केनेडी

20 सप्टेंबर 2007. ऑस्ट्रेलियातल्या एका वकिलाच्या कार्यालयाबाहेर गाडी उभी आहे आणि नवरदेव गाडीतच थांबले आहेत. आत त्यांची होणारी बायको एका वकीलबाईंसमोर बसली आहे. आपल्याला ज्या कागदावर सही करायची आहे त्यात नेमकं काय लिहिलंय, हे तिला आज पहिल्यांदा कळतंय. लग्न 30 तारखेला आहे.

या दोघांना निकालपत्रात थॉर्न आणि केनेडी म्हटलं आहे. कौटुंबिक खटल्यातल्या पक्षकारांची ओळख उघड करायची नाही असा तिथला कायदा असल्याने न्यायालयाने दिलेली ही टोपणनावं आहेत. खरी नावं कळण्याची गरजही नाही. मला कुणी विचारलं की लग्नाआधी मालमत्तेचा करार करावा का, तर मी कलमं सांगण्याआधी हे प्रकरण सांगतो. कारण असा करार कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, हे इतकं उघडं दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या वाचनात नाही.

ओळखीपासून सहीपर्यंत

ओळख 2006 साली झाली, लग्नेच्छू मुलींची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावरून. थॉर्न पूर्व युरोपातल्या, वय 36, तेव्हा मध्यपूर्वेत राहत होत्या. नावावर सांगण्यासारखी मालमत्ता नव्हती. केनेडी ग्रीक वंशाचे ऑस्ट्रेलियन बांधकाम व्यावसायिक, वय 67. पहिल्या लग्नाची तीन मोठी मुलं होती आणि मालमत्ता होती 1 कोटी 80 लाख ते 2 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात.

ओळख झाल्यावर लवकरच केनेडींनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: लग्न करीन, पण तुला कागदावर सही करावी लागेल, माझा पैसा माझ्या मुलांसाठी आहे. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे अपिलात याच वाक्यावर बराच भर देण्यात आला. केनेडींनी फसवलं नाही. मुलांसाठी पैसा राखून ठेवावासा वाटणं यात काही वाईटही नाही. दुसऱ्या लग्नात ही काळजी अगदी स्वाभाविक असते, आणि ती मनात दाबून ठेवण्यापेक्षा बोलून दाखवलेली बरी. मात्र ‘कागदावर सही’ एवढंच ऐकणाऱ्याला त्या कागदातलं काहीही कळलेलं नसतं. किती रक्कम, कधी, कोणत्या परिस्थितीत, घर कुणाचं, आजारपणात काय, यातलं एक अक्षरही त्या वाक्यात नव्हतं.

फेब्रुवारी 2007 मध्ये थॉर्न केनेडींसोबत राहायला ऑस्ट्रेलियात आल्या. त्यांना तिथे कायमचं राहण्याचा हक्क मिळालेला नव्हता. त्या देशात होत्या त्या फक्त या नात्यासाठी. नोकरी नाही, स्वतःचं घर नाही, ओळखीपाळखीची माणसं नाहीत.

8 ऑगस्टला केनेडींनी त्यांच्या वकिलाला कराराचा मसुदा करायला सांगितलं. थॉर्नना मात्र त्यांनी याबद्दल सांगितलं ते 19 सप्टेंबरला: वकिलाकडे जायचं आहे, सहीसाठी. मधले 42 दिवस गेले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतात ते हे 42 दिवस. त्यात मसुद्याची एक प्रत तिच्या हाती देता आली असती. शांतपणे वाचता आली असती, तिच्या भाषेतल्या कुणाकडून समजून घेता आली असती, नवा वकील शोधता आला असता, चार गोष्टींवर भांडताही आलं असतं. त्याऐवजी कागद पुढे आला तो लग्न 11 दिवसांवर असताना. तोवर लग्नाचा पोशाख शिवून झाला होता, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, समारंभाची जागा ठरली होती. थॉर्न यांचे आईवडील आणि बहीण पूर्व युरोपातून विमानाने येऊन पोचले होते आणि केनेडींनीच त्यांची राहायची सोय केली होती.

थॉर्न यांनी विचारलं, सही केली नाही तर? केनेडींनी सांगितलं, तर लग्न होणार नाही.

कागदावर काय होतं

ऑस्ट्रेलियात नवराबायको वेगळे झाले तर मालमत्ता आपोआप अर्धी-अर्धी होत नाही. कुणी काय आणलं, संसारात कुणी किती भर घातली (घरकाम आणि मुलांचा सांभाळ यांचीही त्यात गणना होते), पुढे कुणाला किती गरज लागणार, हे पाहून न्यायालय न्याय्य वाटेल ती वाटणी करतं. 1975 च्या कौटुंबिक कायद्यानुसार पती-पत्नी लेखी करार करून हा सगळा विषय न्यायालयाच्या हातून काढून घेऊ शकतात. असा करार लग्नाआधीही करता येतो आणि नंतरही. अट अशी की दोघांनी वेगवेगळ्या वकिलांचा सल्ला घेतलेला असला पाहिजे: या कराराने तुमच्या हक्कांवर काय परिणाम होतो, तुमचा फायदा काय, तोटा काय. सल्ला दिल्याचं वकिलाचं सही केलेलं निवेदनही लागतं.

थॉर्न यांच्यासमोरच्या करारात होतं ते असं. लग्नानंतर तीन वर्षांच्या आत वेगळे झाले तर त्यांना काहीही मिळणार नाही. तीन वर्षांनंतर, मूलबाळ नसताना वेगळे झाले तर एकरकमी 50 हजार डॉलर, महागाईनुसार वाढवून. एवढंच. केनेडींच्या मालमत्तेचा सगळ्यांत कमी अंदाज धरला तरी ही रक्कम तिच्या तीनशे साठाव्या भागाइतकी होते. उलट संसार चालू असताना केनेडी वारले तर तरतूद बरीच उदार होती: 15 लाख डॉलरपर्यंतचं घर, एक मर्सिडीज गाडी आणि नियमित उत्पन्न.

थॉर्न यांचं सगळं लक्ष या दुसऱ्या भागाकडे होतं. नवरा एकतीस वर्षांनी मोठा, तेव्हा तो आधी गेला तर आपलं काय, ही त्यांची काळजी होती. तो आपल्याला सोडून देईल हे त्यांच्या मनाला शिवतच नव्हतं. यात त्यांचा भोळेपणा शोधू नये. लग्नाच्या दहा दिवस आधी कुठल्याही नवरीच्या मनात हेच असतं, आणि म्हणूनच विभक्त होण्याची कलमं वाचायला तो दहावा दिवस सर्वांत वाईट.

वकीलबाईंनी आपलं काम चोख केलं. मसुदा वाचून लेखी सल्ला दिला. 24 सप्टेंबरला पुन्हा भेट घेतली आणि स्वच्छ सांगितलं की आपण पाहिलेल्या करारांमध्ये हा सर्वांत वाईट आहे, यात फक्त केनेडींचं हित पाहिलेलं आहे, यावर सही करू नका. लेखी सल्ल्यात आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली: लग्न तोंडावर आल्यामुळे तुम्ही प्रचंड ताणाखाली आहात, आणि करार न्याय्य असो वा नसो, लग्न व्हावं म्हणून तुम्हाला सही करावीच लागेल अशा जागी तुम्हाला आणून ठेवलं आहे.

26 सप्टेंबरला थॉर्न यांनी सही केली. लग्नाला चार दिवस होते.

त्या करारातच अट होती की लग्नानंतर लगेच असाच दुसरा करार करायचा. नोव्हेंबरमध्ये थॉर्न पुन्हा त्याच वकीलबाईंसमोर होत्या आणि वकीलबाई पुन्हा सांगत होत्या की सही करू नका. बैठक चालू असताना थॉर्न यांना केनेडींचा फोन आला, अजून किती वेळ लागणार म्हणून. हिच्यावर दडपण आहे, असं वकीलबाईंना त्या फोनवरून जाणवलं. तरी 20 नोव्हेंबरला दुसरी सही झाली.

लग्न चार वर्षंही टिकलं नाही. 2011 मध्ये दोघं वेगळे झाले. एप्रिल 2012 मध्ये थॉर्न न्यायालयात गेल्या: दोन्ही करार रद्द करावेत, मालमत्तेतून 11 लाख डॉलर आणि निर्वाहासाठी 1 लाख 4 हजार डॉलर मिळावेत.

तीन न्यायालयं, तीन वाटा

वरवर पाहिलं तर थॉर्न यांची बाजू कच्ची दिसते. स्वतंत्र वकील होता. सल्ला लेखी होता, तो त्यांना समजला होता. कुणी हात पिरगाळला नव्हता, काही लपवलं नव्हतं. ‘सही करू नका’ असं दोनदा ऐकून दोनदा सही करणाऱ्या माणसाला नंतर तक्रार करण्याचा काय अधिकार?

पहिल्या न्यायाधीशांनी वेगळं पाहिलं. त्यांच्या मते सौद्यातलं प्रत्येक हुकमाचं पान केनेडींच्या हातात होतं. कागद आहे तसा सही करायचा नाहीतर नातं संपलं. नातं संपलं तर थॉर्न यांना ऑस्ट्रेलियात राहता येणार नव्हतं आणि जगात परत जायला दुसरी जागाही नव्हती. आर्थिक तफावत, देशात राहण्याच्या हक्काची अनिश्चितता, सगळ्या गोष्टींसाठी केनेडींवर अवलंबून असणं, नात्यातली आणि आई होण्याच्या आशेतली गुंतवणूक, लग्नासाठी झालेली मनाची तयारी, आणि हे लग्न चारचौघांत जाहीर झालेलं असणं, या सगळ्यांतून आलेली असहायता त्यांनी नोंदवली आणि करार दबावाखाली झाले म्हणून रद्द केले.

शेवटच्या मुद्द्यापाशी मी थोडा थांबतो, कारण त्याचा विचार कायद्याच्या पुस्तकांत फारसा होत नाही आणि घराघरांत मात्र सगळ्यांना तो ठाऊक असतो. आईवडील परदेशातून येऊन शेजारच्या खोलीत झोपले आहेत. लग्न मोडलं तर उद्या सकाळी त्यांना काय सांगायचं? हा प्रश्न कुठल्याही धमकीइतकाच जड असतो.

अपिलात 2016 मध्ये हा निकाल फिरला. केनेडींनी सुरुवातीपासून आपला हेतू सांगितला होता, थॉर्न यांना तो माहीत होता, सल्लाही मिळाला होता. मग दबाव कसला, असं त्या खंडपीठाचं म्हणणं पडलं. याला वजन नाही असं मी म्हणणार नाही. ‘सही नाही तर लग्न नाही’ असं म्हणणं बेकायदा नाही. लग्नाला नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

मग प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे गेलं. नाव उच्च न्यायालय असलं तरी त्या देशातलं हे सर्वांत वरचं न्यायालय. 8 नोव्हेंबर 2017 रोजी सातही न्यायमूर्तींनी एकमताने करार रद्द ठरवले. पाच न्यायमूर्तींच्या एकत्रित निकालपत्राने शब्द मात्र बदलला. जबरदस्ती झाली की नाही यात पडण्याची गरज नाही, इथे अनुचित प्रभाव आहे असं त्यांनी म्हटलं. अनुचित प्रभावात माणसाला समज असते, पण स्वतःच्या मनाने निवड करण्याची ताकद उरलेली नसते. वकिलाचा सल्ला समजला असणं आणि तो मानता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आपण पाहिलेला सर्वांत वाईट करार’ हे ऐकूनही कुणी सही करत असेल, तर ते स्वेच्छेचा पुरावा होण्याऐवजी तिला दुसरा रस्ताच नव्हता याचा पुरावा ठरू शकतो.

दुसरा दोष केनेडींच्या वागण्यातला. थॉर्न यांची अगतिकता त्यांना माहीत होती, काही अंशी त्यांनीच निर्माण केली होती. आपला देश सोडून ती बाई आली त्यांच्यासाठी, आणि सहीची घाई उभी केली तीही त्यांनीच. समोरच्याच्या अशा स्थितीचा फायदा घेऊन पदरात पाडून घेतलेला करार न्यायालय उभा राहू देणार नाही. यावर सगळे न्यायमूर्ती एकत्र होते. करारातल्या अटी अत्यंत अवाजवी आहेत, हेही या दोन्ही निष्कर्षांना बळ देणारं ठरलं.

पुढच्या प्रकरणांत काय पाहायचं तेही या निकालात आलं आहे: करार ‘घ्या नाहीतर सोडा’ अशा भाषेत समोर ठेवला का, सही करताना मनाची अवस्था काय होती आणि लग्न मोडण्याची उघड वा छुपी धमकी होती का, विचाराला वेळ मिळाला का, दोघांचं नातं आणि पैशाची परिस्थिती कशी होती, आणि वकिलाचा सल्ला मिळाल्यावर तो पचवायला सवड होती का.

वकील असणं पुरतं का

या निकालातून काही जण एवढाच धडा घेतात की स्वतंत्र वकील द्या, की करार पक्का. थॉर्न यांच्याकडे स्वतंत्र, प्रामाणिक आणि धीट वकील होता. करार तरीही पडला.

उलटी बाजू ब्रिटनमधल्या रॅडमाकर खटल्यात दिसते. तिथे श्रीमंत घराण्यातली जर्मन पत्नी आणि फ्रेंच पती यांनी 1998 मध्ये लग्नाआधी जर्मनीत करार केला. पतीने स्वतंत्र सल्ला घेतला नव्हता. तरी 2010 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्या कराराला निर्णायक वजन दिलं. पती बँकिंग क्षेत्रातला होता, आपण काय सोडून देतोय हे त्याला कळत होतं, आणि नाही म्हणणं त्याला शक्य होतं. मोकळ्या मनाने, परिणाम पुरते समजून केलेला करार, तो लादणं अन्यायाचं ठरत नसेल तर मानावा, असा नियम त्या न्यायालयाने घातला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक कागदात नसून ‘नाही’ म्हणण्याच्या सोयीत आहे हे कळतं.

कॅलिफोर्नियाचा अनुभव वेगळ्या दिशेने जातो. बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्स यांच्या 1988 च्या लग्नाच्या आदल्या दिवशी सही झालेला करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये वैध ठरवला, पत्नीकडे स्वतःचा वकील नसतानाही. त्यानंतर विधिमंडळानेच कायदा बदलला: करार समोर ठेवल्यापासून सहीपर्यंत किमान सात दिवस गेले पाहिजेत. सात दिवस थोडेच, पण निदान वेळ ही गोष्ट कायद्याने मोजायला घेतली.

भारतात विवाहपूर्व करारासाठी स्वतंत्र कायदा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे लग्नाआधी मालमत्तेची व्यवस्था कराराने ठरवता येते. इतरत्र 1872 च्या करार कायद्याचं कलम 23, म्हणजे सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार चालणार नाही हे तत्त्व, आडवं येतं आणि पोटगीचा हक्क आधीच सोडून देणारी कलमं न्यायालयात सहसा टिकत नाहीत. म्हणून नमुना शोधून भरलेला कागद हातात असला म्हणजे आपण सुरक्षित, असं कुणी समजू नये.

केनेडींनी काय करायला हवं होतं

हा प्रश्न मी मुद्दाम केनेडींच्या बाजूने विचारतो, कारण करार सहसा श्रीमंत बाजूच करायला सांगते आणि तो पडला तर नुकसानही तिचंच होतं. मुलांसाठी मालमत्ता राखणं हे त्यांचं उद्दिष्ट कायद्याच्या चौकटीत सहज बसत होतं.

थॉर्न ऑस्ट्रेलियात येण्याआधीच, म्हणजे 2006 मध्ये, मसुद्याची रूपरेषा त्यांच्या हाती द्यायला हवी होती. तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची किंमत एका संकेतस्थळावरच्या ओळखीइतकी होती, आयुष्य उखडून निघण्याइतकी नव्हती. लग्नाची तारीख ठरवण्याआधी सही व्हायला हवी होती, आणि ते जमलं नाही तर तारीख पुढे ढकलायला हवी होती. सही नाही तर लग्न नाही असं म्हणायचंच असेल, तर ते निमंत्रणं जाण्याआधी म्हणायचं.

रकमेचं म्हणाल तर ती वर्षांबरोबर वाढणारी असायला हवी होती: एका वर्षाला इतकी, पाच वर्षांना इतकी, दहा वर्षांना इतकी, शिवाय विभक्त झाल्यावर काही काळ राहण्यापुरती सोय. ‘तीन वर्षांत काहीच नाही’ हे कलम मी कुठल्याही जोडप्याला लिहू देणार नाही. दुसऱ्या देशातून आलेल्या माणसाला परत जाऊन पुन्हा उभं राहण्याइतकी रक्कम पहिल्या दिवसापासून हवी. दोन कोटींच्या आसपासच्या मालमत्तेतून चार-पाच लाख गेले असते तरी तिन्ही मुलांना पुष्कळ उरलं असतं, आणि कदाचित करारही टिकला असता.

वकीलबाईंनी सुचवलेल्या बदलांवर खरी बोलणी व्हायला हवी होती. ज्या करारात दुसऱ्या बाजूचं एकही महत्त्वाचं म्हणणं उतरलेलं नाही, तो बोलणीतून झाला असं न्यायालयाला पटवणं अवघड असतं. म्हणून मसुद्याचा पहिला आणि शेवटचा पाठ दोन्ही जपून ठेवावेत, पत्रव्यवहारासकट. आपला होणारा जोडीदार आपल्याशी घासाघीस करतोय याचं अनेकांना वाईट वाटतं. माझ्या मते त्याचा आनंद वाटायला हवा. तो घासाघीस करतोय म्हणजे त्याला वाटतंय की आपलं ऐकलं जाईल.

आणि जो सही करणार आहे त्याने वकिलाला एक प्रश्न विचारून घ्यावा: मी यावर सही केली नाही, तर उद्या मी कुठे राहीन आणि कशावर जगेन? उत्तर देता येत नसेल तर सहीची वेळ आलेली नाही. दोघांनीही थांबावं.

खटला चालू असतानाच, मे 2014 मध्ये केनेडी वारले. त्यांच्या जागी त्यांची दोन मुलं मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून खटल्यात उभी राहिली. थॉर्न यांनी ज्या कलमाची सर्वांत जास्त काळजी केली होती, ते मृत्यूनंतरच्या घराचं आणि उत्पन्नाचं कलम त्यांच्या काहीच उपयोगाचं उरलं नव्हतं, कारण संसार 2011 मध्येच संपला होता. 8 नोव्हेंबर 2017 ला करार रद्द झाले, तेव्हा पहिल्या सहीला दहा वर्षं उलटून गेली होती. त्या निकालाने थॉर्न यांना पैसे मिळाले नाहीत. मालमत्तेतून आणि निर्वाहातून त्यांना किती द्यायचं, हा प्रश्न ठरवण्यासाठी प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेलं.